पाठ दाखव

मेलेल्या बाईला कोणी रागावतं का? अक्का रागावली. माझ्या बायकोला, भर घरात, माणसं जमलेली, दारात तिरडी बांधून तयार. सगळे गार पडले. मीसुद्धा. वर्ष होत आलं, पण तो धक्का अजून माझ्या छातीत तसाच बसलेला आहे, उठायला तयार नाही.

पण ते एकदम सांगून चालणार नाही. आधी अक्का कोण ते सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, बाई वेडी होती. वेडी होतीच. पण कशी वेडी, ते कळलं पाहिजे. मी चौथी शिकलेला माणूस, इस्त्री करण्यात जन्म गेला. लिहिणं माझं काम नाही. जसं आठवेल तसं लिहितो.

पिंप्राळ्यात एका गल्लीच्या टोकाला तिचं घर. खालच्या दोन खोल्यांत भरतकाम चालायचं. बाहेरच्या खोलीत मशिना, आतल्या खोलीत हातानं भरणाऱ्या बाया. बोर्ड नव्हता. बोर्ड लावा म्हटलं तर म्हणायची, "ज्याला गरज आहे तो विचारत येतो." अंगानं आडवी, आवाजानं त्याहून आडवी. पदराला कायम चार-दोन सुया टोचलेल्या, त्यामुळे लहान पोरं तिला बिलगायची नाहीत, आणि तिला ते बरंच वाटायचं. माहेर शिंदखेड्याकडचं, सासर धुळ्याचं. नवऱ्याचं कधी बोलली नाही, आम्ही विचारलं नाही. गिऱ्हाईक आलं की पुस्तकातलं मराठी बोलायची. रागावली की अहिराणी. बायांना बरोबर कळायचं. 'आहे'च्या जागी 'शे' ऐकू आलं की माना खाली.

माझा तेव्हा कोपऱ्यावर इस्त्रीचा ठेला होता. कोळशाची इस्त्री, निंबाची सावली, एवढंच. एक दिवस अक्का समोर येऊन उभी राहिली. कपडे द्यायला आली असेल असं वाटलं. ती नुसती माझ्या हाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "भाऊ, तू इस्त्री फिरवतोस का ठेवतोस?"

"इस्त्री फिरवतातच की, अक्का."

"मग तू माझ्या कामाचा नाहीस. ठेवायला शिकलास की ये."

आणि गेली. मला एवढा राग आला! बापापासून इस्त्री आमच्या हातात, आणि ही मला शिकवणार? दोन दिवस चडफडलो. तिसऱ्या दिवशी गेलो. का गेलो, मला माहीत नाही. तिच्या बोलण्यात असं काहीतरी असायचं, की माणूस चिडून का होईना जायचा.

तिच्याकडेच कामाला लागलो, आणि तिथे मला पेस्टिंग कळलं. पेस्टिंग म्हणजे पातळ कापडासारखा एक कागद. एका बाजूला गोंदाचे बारीक दाणे, बोट फिरवलं की वाळूसारखे लागतात. ती बाजू कापडाच्या मागून लावायची, वर ओलसर फडकं टाकायचं आणि त्यावर गरम इस्त्री ठेवायची. गोंद वितळतो, कागद कापडाला धरतो, आणि लुळं कापड ताठ होतं. मग मशीनची सुई कितीही धावू दे, कापड गोळा होत नाही, फूल वाकडं होत नाही. हातानं भरणाऱ्या बायांनाही बरं पडतं, नक्षी त्याच्यावरच काढता येते. काम झालं की जास्तीचा कागद मागून सोलून टाकायचा. पण इस्त्री फिरवलीत की संपलं. कागद सरकतो, मध्ये बुडबुडे राहतात. इस्त्री ठेवायची, थांबायचं, उचलायची, पुढे ठेवायची. "फिरवू नको, ठेव," हे अक्का मला रोज सांगायची. शिकल्यावरसुद्धा सांगायची. माझं फडकं मात्र तिला आवडायचं नाही. माझ्या आईच्या जुन्या लुगड्याचा तो तुकडा, वाफेनं आणि धुण्यानं पिवळा पडलेला. "ते मळकं फडकं फेक," हेही रोज सांगायची. मी फेकलं नाही.

इस्त्रीच्या टेबलावर एक काळा खडा असायचा. लिंबाएवढा, वरून काचेसारखा गुळगुळीत, एका बाजूनं राखाडी. पेस्टिंगचा कोपरा पंख्यानं उडू नये म्हणून मी तो वर ठेवायचो. काम नसलं की तळहातावर घेऊन चोळत बसायचो. हाताला चाळा. हा खडा लक्षात ठेवा.

तर अक्काचं वेड. कोणी भरलेलं कापड आणलं की ती पुढून बघायचीच नाही. "पाठ दाखव." पाठ म्हणजे कापडाची मागची बाजू. पुढे मोर नाचत असू दे नाहीतर हत्ती, तिला घेणं नाही. पाठ बघायची, मग डोळे मिटून ती पाठ गालावरून फिरवायची, ओठांवरून फिरवायची. कुठे गाठ लागली, धाग्याचं टोक लागलं, पेस्टिंगचा तुकडा राहिलेला लागला, की कापड परत बाईच्या अंगावर. सगळं नीट असलं तर दोनच शब्द. "पाठ साफ." याहून मोठी शाबासकी तिच्याकडे नव्हती. बाया घरी जाऊन नवऱ्याला सांगायच्या, आज मला पाठ साफ मिळालं.

एकदा धुळ्याचा एक मामा भाचीचं लग्नाचं पोलकं न्यायला आला. अक्का आपली डोळे मिटून पोलकं ओठांवरून फिरवतेय. मामा लालबुंद. "अहो बाई, हे काय चाललंय? नवरीचं पोलकं आहे ते!"

अक्कानं डोळेसुद्धा उघडले नाहीत. "मांडवात तिला टोचलं तर तुम्ही येणार आहात का खाजवायला?"

आतल्या खोलीत बाया तोंडात पदर कोंबून हसत होत्या. मामा पोलकं घेऊन असा गेला की चहासुद्धा घेतला नाही.

दुसरं वेड पेस्टिंगचं. इतकं वापरायची, की जे लुळं दिसेल त्याला लावायची. कॅलेंडरला, छत्रीला, पोथीच्या फाटक्या पानांना, पडद्याला. तिच्या घरचा पडदा वाऱ्यानं हलायचा नाही, दारासारखा आपटायचा. एकदा सादळलेल्या पापडाला कागद लावून मला म्हणाली, ठेव इस्त्री. ठेवली. पापड भाजला, कागद जळाला, वासानं गल्ली गोळा झाली. "नाही जमत," म्हणाली, जसं काही मोठा प्रयोग होता.

आणि एवढं पेस्टिंग वापरणारी बाई एका गोष्टीत मात्र अडून बसायची. पातळ कापडाला लावायचं नाही म्हणजे नाही. शहरातल्या एका मोठ्या दुकानवाल्यांची सून जॉर्जेटची साडी घेऊन आली. तिला पदरभर मशीनचं जड काम हवं होतं. मारवाडी बाई, स्वभावानं चांगली, पण 'नाही' ऐकायची सवय नव्हती.

अक्का म्हणाली, "हे कापड इस्त्री सोसणार नाही. हातानं करून देते, हलकं."

"दूसरी जगह तो लगाके देते हैं, अक्का. सब जगह लगाते हैं."

"भाऊ," अक्का मला म्हणाली, "पूर्ण गरम कर. ठेव."

मी बघतच राहिलो. "अक्का, साडी आहे त्यांची."

"ठेव म्हणते ना."

ठेवली. विड्याच्या पानाएवढा तुकडा असा आकसला, जसा विस्तवावर केस. मध्ये भोक. शेठाणी किंचाळली. अक्का शांतपणे आत गेली, कपाटातून पैठणीसारखी एक जड साडी काढून आणली, शेठाणीच्या मांडीवर ठेवली. "ही माझ्या लग्नाची. घे. आता दुसरीकडे कोणाला सांगशील का, इस्त्री लाव म्हणून?" शेठाणीनं साडी घेतली नाही. रडत गेली. पण पुढच्या लग्नसराईला तीच परत आली, आणि आल्या आल्या स्वतःच पाठ वर करून कापड दाखवलं. तेव्हापासून दोघींचं जमलं. माणसं कशाला धरून राहतात, सांगता येत नाही.

माझी बायको अक्काकडे कामाला लागली ती पोरगा शाळेत जायला लागल्यावर. तिचं माहेर साक्रीकडचं, डोंगराच्या पायथ्याला. हात चांगला होता. थोड्याच दिवसांत तिला 'पाठ साफ' मिळालं. मग एक दिवस बघतो तर ती हिरव्या सुती लुगड्याचा पदर घेऊन बसलेली. मागून पेस्टिंग नाही, काही नाही. खळ घालून ताठ केलेलं कापड आणि खाली कच्च्या टाक्यांनी जोडलेला वर्तमानपत्राचा कागद. मी विचारलं, कोणाचं गिऱ्हाईक?

"माझंच आहे," ती म्हणाली. "जाताना नेसायचं."

"कुठे जाताना?"

ती माझ्याकडे बघून हसली. मग मला कळलं.

अक्काचा तो नियम होता. नवीन बाईचा हात बसला की पहिलं काम गिऱ्हाइकाचं नाही, स्वतःचं शेवटचं लुगडं. धागा सुती, कापड सुती, जर नाही, पेस्टिंगचा एक तुकडासुद्धा नाही. याची पाठ अक्का तपासायची नाही; बाया भरायच्या, घरी नेऊन पेटीच्या तळाला ठेवायच्या आणि नवऱ्याला सांगायच्या नाहीत. माझी भोळी, सांगून बसली.

मी तडक बाहेरच्या खोलीत गेलो. टेबलावरचा तो काळा खडा हातात होता तसाच. "अक्का, तुमच्या डोक्यात काय भरलंय काय? माझ्या बायकोला मरणाचं लुगडं भरायला लावता? तरणीताठी बाई ती! असलं अभद्र काम माझ्या घरात नाही चालायचं."

मशिना थांबल्या. अक्का माझ्या तोंडाकडे बघत नव्हती, हाताकडे बघत होती.

"भाऊ, तुझ्या हातात काय शे, माहीत शे का तुले?"

"खडा आहे. काय आहे?"

"मनी बहीन शे."

माझी बहीण आहे, म्हणत होती. मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. मग तिनं सांगितलं, सरळ आवाजात, जसं दुसऱ्या कोणाचं सांगते. धाकटी बहीण धुळ्याला दिलेली. तापात गेली. सासरच्यांनी तिला तिची सगळ्यात चांगली साडी नेसवली, चांगलंच मनात होतं त्यांच्या. नायलॉनची साडी, आणि पुढून पाठीपर्यंत भरलेलं पोलकं. ते अक्कानंच भरलेलं, मागून घट्ट पेस्टिंग लावून. तिचं तेव्हाचं सगळ्यात सुंदर काम. भाऊ लहान होता, म्हणून राख सावडायला अक्का स्वतः गेली, बायांनी जायचं नसतं तरी गेली. लाकडं ओली मिळाली होती. साडी आणि पेस्टिंग वितळून राखेत बरगड्यांना हे चिकटलेलं होतं.

"बठ्ठं जळी जास, भाऊ. हाई जळत नही, चिटकस. मीच लायेल व्हतं. मी."

खडा माझ्या हातातून पडला. एवढे दिवस मी तो चोळत बसायचो. मी मोरीवर जाऊन हात धुतले, परत धुतले, साबण संपेपर्यंत धुतले. परत आलो तर अक्कानं खडा उचलून फळीवर ठेवला होता आणि मशीन चालवायला लागली होती. त्यानंतर मी त्या लुगड्याबद्दल एक शब्द काढला नाही.

बायकोला मात्र त्या कामाची मजा वाटायची. पदरावर तिनं कपाशीची फुलं काढली. कडेची वेल मशीनवर आणि फुलं हातानं. पिवळी, आणि काही दुसऱ्या दिवशी पडतात तशी गुलाबी. अक्का म्हणाली, "कपाशी कोणी भरतं का? मोर भर, कोयरी भर."

"मी मोर कधी वेचला नाही, अक्का. कपाशी वेचली."

"आणि हिरवं काढलंस. नवरा आधी गेला तर?"

"नाही जायचे ते. सगळ्या कामात उशीर करतात."

आतल्या खोलीत हसण्याचा गोंधळ. मी बाहेर इस्त्री ठेवत होतो, ऐकत होतो. मलाही हसू आलं. आता येत नाही. तिचं बोलणं खरं झालं.

लुगडं पेटीत पडून राहिलं. पोरगा मोठा झाला, त्याचं लग्न झालं, गावात कॉम्प्युटरच्या भरतकामाच्या मशिना आल्या. पेस्टिंगही नवं नवं आलं, पाण्यात विरघळणारं, आणि एक अगदी मऊ, लहान बाळाच्या झबल्याला मागून लावायचं, म्हणजे टाके टोचत नाहीत. अक्काचं काम कमी झालं, तोंड कमी झालं नाही.

मग बायकोचं लिव्हर बिघडलं. पिवळी पडली. सगळ्या अंगाला खाज. कातडी अशी झाली, की चादरीची शिवणसुद्धा तिला सोसायची नाही. एक दिवस मला म्हणाली, पेटीतलं ते काढून द्या. मी दिलं. तिनं बसल्या बसल्या पदर खांद्यावरून घेतला, हात फिरवला, आणि लगेच काढला.

"गाठी टोचतात हो."

"मग ठेव ना. आत्ता कशाला नेसतेस?"

"आत्ता नाही. तेव्हाचं म्हणते."

मी उठून बाहेर गेलो. माणसानं ऐकावं तरी किती?

उन्हाळ्यात ती गेली. सकाळी गेली. घरात माणसं मावेनात. साक्रीहून तिचे थोरले भाऊ, आम्ही त्यांना नाना म्हणतो, ते माहेरचं लुगडं घेऊन आले. सवाष्ण गेली की शेवटचं लुगडं माहेरचं, अशी आमच्याकडे रीत. बाया म्हणत होत्या, भाग्याची, कुंकू घेऊन गेली. मेल्यावर कसलं भाग्य? मी एका कोपऱ्यात बसून होतो.

तेवढ्यात रिक्षातून अक्का उतरली. रडली नाही. बायकोच्या उशाशी बसली आणि मला म्हणाली, "पेटी उघड."

नाना म्हणाले, "बाई, लुगडं आम्ही आणलंय." त्यांनी दाखवलं. चकचकीत हिरवं, सोनेरी काठ, दुकानाची चिठ्ठी अजून लावलेली. अक्कानं ते दोन बोटांत धरून चोळलं.

"नायलॉन."

"बाई, रीत आहे ती."

"मी कुठे मोडते? तुमचं वरून घाला, नाना. स्मशानात वरचं काढून घेतात, तुम्हाला ठाऊक आहे. अंगाला लागेल ते तिचं तिनं केलेलं लागू द्या."

"जिवंतपणी कोणी असलं करून ठेवतं का?"

"हिनं ठेवलंय."

नानांनी माझ्याकडे बघितलं. मी पेटी उघडली. कपाशीची फुलं बघून नानांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आमच्याच शेतातली वाटतात," म्हणाले, आणि बाजूला सरकले.

अक्कानं लुगडं मांडीवर घेतलं. "पाठ दाखव," म्हणाली. कोणाला म्हणाली? त्या मेलेल्या बाईलाच. सवय होती तिची. आणि पदर उलटा केला.

सगळ्या पाठीला पांढरं, मऊ पेस्टिंग लावलेलं होतं. या कडेपासून त्या कडेपर्यंत.

अक्काचा चेहरा बघवेना. तिनं पदर हातात धरून माझ्या बायकोच्या तोंडापुढे नाचवला आणि ओरडली, "हाई काय करं वं तू? तुले कितला डाव सांगं व्हतं मी! आगमा जाशी हाई लिसन? कान कोठे व्हतात तुना?"

आगीत हे घेऊन जाशील का, असं तिला विचारत होती. रडणाऱ्या बाया रडायच्या थांबल्या. कोणीतरी म्हणालं, "बाईला बाहेर न्या." कोणी हात लावला नाही. मेलेल्या माणसाला रागावताना मी पहिल्यांदा बघितलं, आणि काय सांगू, एक क्षण मला वाटलं, आता ती उठेल आणि मान खाली घालून म्हणेल, चुकलं अक्का.

मी पुढे गेलो. पदर हातात घेतला. पेस्टिंगच्या खाली बुडबुडे होते, बारीक बारीक, ओळीनं. जन्मभर मी इस्त्री ठेवत आलो आणि तिनं घरात कधी इस्त्रीला हात लावला नव्हता, मी लावूच दिला नव्हता. तिनं फिरवली होती. मी औषधाला बाहेर गेलो असेन तेव्हा, ते मऊ पेस्टिंग कोणाकडून तरी मागवून, उभं राहवत नसताना, एकटीनं. मला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी परत उठून बाहेर गेलो असतो.

"अक्का," मी म्हणालो, "टोचत होतं तिला. अंग सोललं होतं."

अक्काचा हात खाली आला. ती बायकोच्या मानेकडे, खाजवून खाजवून पडलेल्या वणांकडे बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "तुनी बायको शे. तू सांग. ठेवू का काढू?"

अक्कानं कोणाचं मत विचारलेलं मी तोपर्यंत बघितलं नव्हतं.

मला तो खडा दिसत होता. "काढू," म्हणालो.

चिकटलेलं पेस्टिंग ओढून निघत नाही, कापड फाटतं. परत गरम करायचं, गोंद मऊ झाला की गरम असतानाच सोलायचं. मी इस्त्री आणली, खटका दाबला. लाईट नव्हती. पहाटेच गेलेली. घरात त्या दिवशी चूल पेटवायची नसते. मी पलंगाखालून माझ्या ठेल्यावरची जुनी लोखंडी इस्त्री काढली, कोळशाची. पण कोळसा कुठला?

अक्का उठली. सांडशी घेतली आणि दारात गेली. दारात शिंकाळ्यात मडकं ठेवलेलं होतं, गोवरीचा विस्तव फुललेला, पोरगा पुढे घेऊन चालणार होता ते. अक्कानं त्यात सांडशी घातली.

गल्लीतला एक म्हातारा ओरडला, "अहो बाई! तो विस्तव तिचा आहे!"

"मग? काम बी तिनंच शे."

निखारे तिनं माझ्या इस्त्रीत टाकले. नाना भिंतीला टेकून बसले, त्यांचं तोंड उघडं ते उघडंच. माझा पोरगा म्हणाला, "बाबा, हे काय चाललंय?"

बायकोच्या शेजारी गोधडी अंथरली, तिच्यावर पदर पसरला आणि इस्त्री ठेवली. थांबलो. उचलली. पुढे ठेवली. 'फिरवू नको' असं त्या दिवशी कोणी सांगितलं नाही. अक्काकडच्या जुन्या बाया न बोलवता पुढे सरकल्या, एकेकीनं एकेक कड धरली, आणि मी इस्त्री उचलली की गरम गरम पेस्टिंग सोलायला लागल्या. बोटं भाजत होती, कोणी हूं केलं नाही. उरलेला गोंद ओढून घ्यायला मी चादर फाडली, तिचे तुकडे घालून वरून इस्त्री ठेवली. माझं फडकं जवळच होतं. ते मी या कामाला वापरलं नाही. का नाही, ते तेव्हा मलाच कळलं नव्हतं.

अक्कानं पदराची पाठ गालावरून फिरवली, ओठांवरून फिरवली. तिनं 'साफ' म्हटलं नाही. म्हणाली, "गोंद गेला. गाठी लागतात."

तेव्हा मी फडकं उचललं. आईच्या लुगड्याचं, सुती, इतक्या वर्षांच्या वाफेनं लोण्यासारखं झालेलं. तिच्यापुढे धरलं. अक्कानं ते कधी हातात घेतलं नव्हतं. आज घेतलं. गालाला लावलं आणि तसंच धरून ठेवलं. मग स्वतःच्या हातानं माझ्या बायकोच्या गळ्याखाली, छातीवर पसरलं, आणि त्याच्यावरून पदर घेतला.

इस्त्रीतले निखारे मी परत मडक्यात ओतले. पोरगा ते घेऊन पुढे चालला.

राख सावडायला आम्ही तिघं गेलो, मी, पोरगा आणि नाना. राख पांढरी, मोकळी, पिठासारखी होती. मी बोटांनी चाळत बसलो. नाना म्हणाले, "भाऊजी, काय शोधताय?"

"काही नाही," मी म्हणालो. खरंच काही नव्हतं.

परत आलो तर अक्का ओट्यावर बसलेली. उन्हात, पदराच्या सुया चमकत होत्या. माझ्या हातातल्या मडक्याकडे बघून तिनं विचारलं, "पाठ साफ शे?"

"साफ शे, अक्का."

तिनं मान हलवली. मग पिशवीत हात घालून तो काळा खडा काढला आणि माझ्यापुढे धरला. "हाई बी लई जा."

मी खड्याकडे बघितलं. "हिला टोचणार नाही ना?"

"तू किती दिवस हात फिरवलास त्यावर. टोचला का कुठे?"

मी मडक्याच्या तोंडाला बांधलेलं कापड सोडलं आणि खडा आत ठेवला. अक्का उठली, रिक्षा थांबवली आणि गेली. त्याच महिन्यात तिनं मशिना विकल्या. आता शिंदखेड्याला भावाकडे असते. फोन केला तर "बोल" म्हणते, मी काही बोलायच्या आत ठेवून देते.

तापीच्या पाण्यात कमरेपर्यंत उतरून मी मडकं वाकडं केलं. राख गेली, काही आवाज झाला नाही. मग डुबुक झालं. पोरगा काठावरून म्हणाला, "बाबा, काय पडलं?"

"अक्काची बहीण," मी म्हणालो.